उत्तर: उत्तर: शनिवारचा मूकपट – पेटीतबल्याचं काय?

मंडळी, आज रात्रीपर्यंत सांगा. 'ग्रास' हा इराणच्या भटक्या बख्तियारी टोळ्यांवरचा मूकपट १९२५चा, इथे अमेरिकेत २०२१ पासून हक्कमुक्त. पण डीव्हीडीवरचं संगीत मागाहून चढवलेलं, ते मुक्त नाही. म्हणजे आवाज बंद ठेवूनच लावायचा. मग तासाभराहून जास्त वेळ वाजवणार कोण? तबलजींना त्या दिवशी बारसं आहे.
– खजिनदार

वाजवायचं कशाला? त्यातला कारून नदीचा प्रसंग बघितलाय ना? बकऱ्यांची कातडी फुगवून सांगड केलेली, तीवर बायका-पोरं, बाजूने जनावरं धारेला लागलेली. तिथे भूप आळवणार? गप्प बसून बघा.
– अण्णा

अण्णा, भूप कोणी म्हटलं? काय वाजवायचं ते उपसमिती ठरवते. दिवाळी पहाटेलाही तुम्ही असंच मध्ये पडलात. आणि गप्प म्हणजे मागच्या रांगेतला चिवडा ऐकायचा.
– संगीत उपसमिती

माझं माहेर फलटणकडचं. दिवाळी झाली की धनगर कोकणात उतरायचे, पावसाच्या तोंडावर परत. वाटेत आमच्या रानात मेंढरं बसायची. खत आम्हाला, ज्वारी त्यांना. घोड्यावर सगळा संसार, वर कोंबड्या. बख्तियारींचंही तेच, चाऱ्यासाठी इराणचे डोंगर पालथे घालायचे. पण यांना झर्दकूह डोंगराचा बर्फ आडवा! कापडी जोडे काढून अनवाणी चढतात हो, पोरं पाठीवर. धनगरी ढोल आहे का कोणाकडे?
– काकू

काकू, ज्वारी नाही, भात देतात.
– बापू

बापू, तो कोकणात. मी फलटणचं सांगतेय.
– काकू

'ग्रास' काढणारे कूपर आणि शूडसॅक म्हणजे पुढे १९३३त 'किंग काँग' काढणारेच ना? मग यातलं खरं किती? पन्नास हजार माणसं, पाच लाख जनावरं मोजली कोणी?
– अण्णा

आकडा सोडा हो, नदी तर खरी आहे! माझा प्रश्न वेगळा. मधल्या इंग्रजी पाट्या आजीमंडळींना वाचून कोण दाखवणार? मी वाचेन, पण गणपतीतला तो माइक नको.
– सांस्कृतिक

तळघरात ढोल चालणार नाही, भाडेकरारात लिहिलंय. नुसती पेटी ठेवू. चिवडा बाहेर.
– खजिनदार

पेटी माझी आहे. मला विचारलंत?
– बापू