सासऱ्यांचा रक्तदाब, नाडी आणि ऑक्सिजन घरी मोजण्यासाठी कोणती साधने घ्यावीत?

कृष्णाकाठ
नमस्कार. माझे सासरे ७८ वर्षांचे असून कराडला राहतात. त्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात. डॉक्टरांनी त्याचे निदान एट्रियल फिब्रिलेशन असे केले आहे. पुढच्या भेटीला येताना रक्तदाब, नाडी, ताप आणि ऑक्सिजन यांची रोजची लेखी नोंद आणावी, असे त्यांनी सांगितले आहे. सकाळची नोंद सासूबाई ठेवतील आणि संध्याकाळची माझ्या जाऊबाई. सासूबाई मोबाईल फक्त बोलण्यापुरता वापरतात. सासऱ्यांचा दंड बराच जाड आहे. सगळे मिळून ३,००० रुपयांच्या आत काय घ्यावे?

डोंगरवाट
मी वडिलांसाठी साडेसहा हजारांचे ब्लूटूथ असलेले यंत्र घेतले आणि त्या खर्चाबद्दल मी पूर्ण समाधानी आहे. मोजणी झाली की आकडा आपोआप मोबाईलवर येतो, आलेखही तयार होतो आणि माझी बहीण तो परदेशातून पाहते. आरोग्याच्या बाबतीत तीन हजारांची मर्यादा घालून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आंबोलीचा_पाऊस
यंत्र कितीही महाग असले तरी पट्टा तोकडा असेल तर त्याचा उपयोग नाही. माझ्या आईसाठी मागवलेल्या यंत्रासोबत २२ ते ३२ सेंटिमीटर घेराचा पट्टा आला आणि तिचा दंड त्याहून जाड होता. लहान पट्ट्याने रक्तदाब प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतो. तो वाढीव आकडा पाहून गोळी वाढवण्यात आली आणि आईला उठताना चक्कर येऊ लागली. दुकानदाराने पट्टा बदलून देण्यास नकार दिला. त्यामुळे आधी शिंप्याच्या फितीने खांदा आणि कोपर यांच्या मधोमध दंडाचा घेर मोजा आणि मगच खरेदी करा.

जुनी_पेठ
आमच्या घरी पाऱ्याचे यंत्र वर्षानुवर्षे आहे आणि त्याच्याइतका विश्वास मला कोणत्याही बॅटरीच्या यंत्रावर वाटत नाही. कोणाकडे जुने मिळाल्यास तेच घ्यावे.

डोंगरवाट
जुनी_पेठ, पारा घरात सांडला तर वृद्ध माणसांनी तो गोळा कसा करायचा? पाऱ्याचा वापर कमी करण्याचा मिनामाता करार २०१३ मध्ये झाला आणि भारताने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. आता हा सल्ला कोणालाही देऊ नये.

जुनी_पेठ
मी अचूकतेबद्दल बोललो होतो, आणि त्या मुद्द्याचे उत्तर आपण दिलेले नाही.

वॉर्डातली_रात्रपाळी
मी अनेक वर्षे रुग्णालयात परिचारिका म्हणून काम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. ठोके अनियमित असलेल्या रुग्णात स्वयंचलित यंत्राचे आकडे एकापाठोपाठ घेतले तरी बदलतात, त्यामुळे एका आकड्यावर कधीही विसंबू नये. एकेका मिनिटाच्या अंतराने तीनदा मोजून तिन्ही आकडे लिहावेत. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा किंवा तंबाखू नको, लघवीला जाऊन यावे आणि पाच मिनिटे पाठ टेकून, दोन्ही पावले जमिनीवर ठेवून शांत बसावे. पट्टा सदऱ्याच्या बाहीवरून न बांधता उघड्या दंडावर बांधावा, हात हृदयाच्या पातळीला टेकवावा आणि त्या वेळी कोणी बोलू नये. सासूबाई मोजता मोजता विचारपूस करतील, हे मी अनेक घरांत पाहिले आहे, म्हणून मुद्दाम सांगते.

नाडीसाठी ऑक्सिमीटरवरचा आकडा पुरेसा मानू नका. या आजारात काही ठोके इतके क्षीण असतात की ते बोटापर्यंत किंवा मनगटापर्यंत पोहोचतच नाहीत, त्यामुळे छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण एक मिनिट मोजलेले ठोके अधिक खरे. आपण श्वासाचा उल्लेख केलेला नाही. विश्रांतीत प्रौढांचे श्वास मिनिटाला साधारण १२ ते २० असतात. ते रुग्णाला न सांगता मोजावेत, कारण कळले की श्वासाची लय बदलते.

आणि आकडा गोल करू नका. १४७ आला तर १५० लिहू नका. शेजारी वेळ, कोणता हात आणि औषध आधी घेतले की नंतर, हे लिहा. याच तपशिलांवरून डॉक्टरांना आकड्याचा अर्थ लागतो.

निळी_शाई
दंडाचा घेर आधी मोजावा, हे मीही सांगेन. ऑक्सिमीटर लावताना बोट गार नसावे, नखाला रंग नसावा आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबावे. माझ्या घड्याळातही ऑक्सिजन दिसतो आणि मला ते फार सोयीचे वाटते.

आंबोलीचा_पाऊस
घड्याळाचा विषय येथे नको. त्यांची मर्यादा ३,००० रुपयांची आहे आणि सासूबाईंना मोबाईलही फारसा वापरता येत नाही.

कृष्णाकाठ
सर्वांचे मनःपूर्वक आभार. सासऱ्यांच्या दंडाचा घेर ३६ सेंटिमीटर भरला. विचारान्ती आम्ही स्वयंचलित यंत्र घेतलेच नाही. जाऊबाईंनी लग्नापूर्वी परिचारिकेचे काम केले आहे, त्यामुळे मोठ्या पट्ट्याचे हवा भरायचे डायलचे यंत्र, स्टेथोस्कोप, डिजिटल थर्मामीटर आणि साधा ऑक्सिमीटर एवढेच घेतले आणि ते मर्यादेत बसले. रक्तदाब फक्त संध्याकाळी, जाऊबाईच कानाने ऐकून मोजतील. सासूबाई सकाळी ताप आणि ऑक्सिजन लिहितील. ज्या दिवशी जाऊबाई नसतील, त्या दिवशी रक्तदाबाची जागा कोरी राहील. अंदाजाने काहीही भरायचे नाही, असे ठरले आहे.

डोंगरवाट
रोज फक्त एकदाच रक्तदाब मोजणे मला पटत नाही. निदान सकाळसाठी तरी यंत्र घ्यायला हवे होते.

वॉर्डातली_रात्रपाळी
सकाळचा आकडाही उपयुक्त असतो, हे खरे. जाऊबाईंना आठवड्यातून काही दिवस सकाळी जमते का, ते विचारून पाहा. मात्र ठोके अनियमित असताना शिकलेल्या माणसाने ऐकून मोजणे योग्यच आहे. हवा पूर्ण सोडल्यावर डायलचा काटा शून्यावर येतो ना, हे दरवेळी पाहावे, आणि पुढच्या भेटीत यंत्र सोबत नेऊन दवाखान्यातील यंत्राशी ताडून घ्यावे.