उठले ते कंटाळून नव्हे

‘संथ सिनेमा इंदूरकरांना झेपत नाही, शेवटाआधीच लोक उठून गेले’ हे एकाचं मत वाचून राहवलं नाही. चैतन्य ताम्हाणेंच्या ‘कोर्ट’ (२०१४) या एका खटल्यावरच्या सिनेमाच्या त्या खेळाला मीही होतो. लोक उठले ते कंटाळून नाही हो! कोर्टाला सुट्टी लागते, दालन रिकामं होतं, दिवे मालवतात, पडदा काळाकुट्ट. संपला असं समजून पुढची अख्खी रांग अंधारात चपला चाचपडायला लागली, आणि तेवढ्यात न्यायाधीश महाराज बसमधून सहलीला! परत बसताना जी खसखस पिकली ती मला तरी आवडली.

बाकावर पेंगणाऱ्या त्याच न्यायाधीशाला पोरं ओरडून उठवतात आणि तो एकाला चपराक देतो, तिथे मात्र कुणी हसलं नाही. शेजारच्या काकू हळूच म्हणाल्या, “आमच्या घराच्या दाव्याला अठरा वर्षं झाली.” बस, एवढंच.

नंतर सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, गराडू हा तळलेला कंद खाताना (थंडीतला खेळ, दुसरीकडे जाणार कुठे?) आमचे मामा अडूनच बसले होते: सगळं ठीक, पण निकाल का नाही दाखवला? काकू त्यांच्याकडे बघून नुसत्या हसल्या.