नव्या लॅपटॉपवर मेलेला पिक्सेल, वॉरंटीत कसा बसवायचा? (सल्ला हवाय)

काना_मात्रा
नमस्कार मंडळी. मी सांगलीत असते, घरून मुद्रितशोधनाची कामं करते. १९ दिवसांपूर्वी नवीन लॅपटॉप घेतला, १५.६ इंची, फुल एचडी, ४७ हजारांचा, गावातल्याच दुकानातून. चौथ्या दिवशी स्क्रीनच्या वरच्या भागात, मधल्यापेक्षा जरा डावीकडे, एक काळा ठिपका दिसला. माशीने केलं असेल म्हणून ओल्या फडक्याने पुसला, नखाने खरवडला, जाईना. आता तुम्ही म्हणाल एक ठिपका तर आहे, पण माझं काम दिवसभर पांढऱ्या पानावरची काळी अक्षरं बघायचं आणि हा ठिपका बरोब्बर अनुस्वाराएवढा! परवा एका दिवाळी अंकाच्या कथेत 'घरं' वरचा अनुस्वार काढा अशी खूण केली तर डीटीपीवाल्या मुलाचा फोन, ताई तिथे अनुस्वार नाहीचे.

दुकानदार म्हणतो आमच्याकडनं गेला की विषय कंपनीचा. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर तिथली मुलगी म्हणाली एक पिक्सेल पॉलिसीत बसत नाही, निदान पाच पाहिजेत. म्हणजे बाकीचे चार मरायची वाट बघायची का मी? कोणी असं भांडून स्क्रीन बदलून घेतलाय का? खर्च करायची तयारी ३ हजारांपर्यंतच. आणि कृपया नवीन लॅपटॉप घ्या असं सांगू नका, हाच नवीन आहे.

भटका_नारळ
ताई सरळ विकून टाका आणि ओएलईडीवाला घ्या. मी मागच्या वर्षी घेतला, ९२ हजार गेले पण काळा म्हणजे काय काळा दिसतो, डोळ्याचं पारणं फिटतं.

काना_मात्रा
दादा, काळाच तर नकोय मला :)

तात्या_टेक
आधी ठिपका नक्की कसला आहे ते बघा. लोक सगळ्यालाच डेड पिक्सेल म्हणतात. कायम काळा तो डेड. कायम लाल, हिरवा किंवा निळा दिसणारा तो स्टक, म्हणजे त्यातला एखादा सबपिक्सेल (पिक्सेलचा लाल, हिरवा किंवा निळा भाग) अडकलेला. कायम पांढरा तो हॉट. हल्लीच्या आयपीएस पॅनेलमध्ये त्या पिक्सेलचा ट्रान्झिस्टर गेला की प्रकाश अडतो आणि तो काळा राहतो, जुन्या टीएन पॅनेलमध्ये उलटं असायचं, तो पांढरा चमकायचा. पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा अशी पाच चित्रं फुल स्क्रीन लावून अंधाऱ्या खोलीत बघा. आणि एक स्क्रीनशॉट काढून मोबाइलवर पाठवा. मोबाइलवरही ठिपका दिसला तर दोष स्क्रीनचा नाहीच.

पेन्सिल_बहाद्दर
एवढं काय त्यात. मऊ फडकं पेन्सिलच्या मागच्या रबराला गुंडाळायचं, ठिपक्यावर हलकं दाबायचं, दाबलेलं असतानाच लॅपटॉप चालू करायचा. माझ्या मेव्हण्याचा लाल ठिपका असाच गेला. कंपनीबिंपनीच्या नादी लागू नका.

शेंगदाणा_चिक्की
नका दाबू नका दाबू नका दाबू!! मी असंच कुठेतरी वाचून दाबलं होतं, एका ठिपक्याच्या जागी तांदळाच्या दाण्याएवढा पांढुरका डाग पडला आणि सर्व्हिसवाल्याने मोबाइलचा टॉर्च मारून बघितलं न् म्हणाला मॅडम हे फिजिकल डॅमेज आहे, वॉरंटी संपली. ज्याला पाच ठिपके लागतात म्हणत होता त्याला माझा एक दाब पुरला.

पेन्सिल_बहाद्दर
तुम्ही जोरात दाबला असणार. मी हलकं लिहिलंय.

शेंगदाणा_चिक्की
हलकं म्हणजे किती ग्रॅम ते पण सांगून टाका.

तात्या_टेक
दाबून किंवा ते रंग झपाझप बदलणारे व्हिडिओ तासभर लावून स्टक पिक्सेल कधीकधी सुटतो, डेड सुटत नाही. ताईंचा काळा आहे. उगाच हात लावू नका.

म्युनिकचा_मावळा
हे सगळं वाचून नवल वाटतं. आमच्याकडे ऑनलाइन घेतलेली वस्तू १४ दिवसांत कारण न देता परत करता येते, युरोपभर तोच नियम आहे. मी दोन मॉनिटर असेच परत केले, एकात तर फक्त कोपरा जरा उजळ वाटत होता. भारतात ग्राहकाला किंमतच नाही.

रोखठोक
मावळे, त्यांनी दुकानातून घेतलाय, सांगलीत घेतलाय आणि १९ दिवस झालेत. तिन्ही बाजूंनी तुमचा नियम बाहेर. बाकी हवापाणी काय म्हणतंय तिकडचं?

काना_मात्रा
तात्या, केलं तुम्ही सांगितलं तसं. स्क्रीनशॉटमध्ये ठिपका नाही. पांढऱ्या, लाल, हिरव्या, निळ्या सगळ्यावर तो काळाच. आणि काळं चित्र लावल्यावर खाली उजव्या कोपऱ्यात एक हिरवा कण सापडला, तो आजवर दिसलाच नव्हता! तुमच्यामुळे एकाचे दोन झाले, धन्यवाद म्हणू का काय म्हणू.

तात्या_टेक
हाहा. पण हे चांगलं आहे. बहुतेक कंपन्यांच्या पॉलिसीत चमकणारे ठिपके आणि काळे ठिपके वेगवेगळे मोजतात, चमकणाऱ्यांची मर्यादा बहुतेकदा कडक असते. म्हणून फोनवरच्या मुलीचं 'पाच' धरून बसू नका. तुमच्या मॉडेलची पिक्सेल पॉलिसी कंपनीच्या सपोर्टच्या पानावर असेल, ती उघडा, पॅनेलच्या आकारानुसार आणि रिझोल्यूशननुसार तक्ता असतो.

आता हे आकडे येतात कुठून तर आयएसओ १३४०६-२ नावाचं मानक होतं २००१ चं, त्याच्या जागी २००८ मध्ये ९२४१-३०७ आलं. त्यात पॅनेलचे वर्ग पाडलेत. शून्य वर्गात एकही दोष चालत नाही. दुसऱ्या वर्गात, जुन्या मानकाप्रमाणे, दर १० लाख पिक्सेलमागे २ कायम पेटलेले, २ कायम काळे आणि ५ बिघडलेले सबपिक्सेल चालतात. फुल एचडी म्हणजे १९२० गुणिले १०८०, २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल. म्हणजे तुमच्या स्क्रीनवर चार काळे असले तरी कागदोपत्री माल चोख.

रोखठोक
तात्या, आयएसओ म्हणजे कायदा नव्हे. कंपनीने स्वतःच्या सोयीचा वर्ग निवडायचा आणि गिऱ्हाइकाला मानक म्हणून ऐकवायचं, हे म्हणजे वाण्याने स्वतःच ठरवायचं किलोमागे किती खडे.

तात्या_टेक
मी कंपनीची वकिली करत नाहीये, आकडे कुठून येतात ते सांगतोय. २० लाख पिक्सेल, प्रत्येकात तीन सबपिक्सेल, म्हणजे ६२ लाखांवर ट्रान्झिस्टर. एक जरी बिघडला तर पॅनेल फेकायचं म्हटलं तर लॅपटॉप ४७ हजारांत मिळणार नाही.

रोखठोक
मग खोक्यावर लिहा ना की यात दोन ठिपके मेलेले असू शकतात. लिहितात का? नाही. वर हिरॉइनचा फोटो.

तात्या_टेक
वॉरंटीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं.

रोखठोक
ती पुस्तिका वाचायला भिंग कोण देणार?

गिरगावातला_गिरमिट
लॅमिंग्टन रोडला या. माझ्या लॅपटॉपचं ३० पिनचं फुल एचडी पॅनेल तिथे बदललं, साडेचार हजारात, डोळ्यांसमोर, वीस मिनिटांत. पोरगा वडापाव खात खात बदलतो. फक्त पॅनेल लावायच्या आधी चालू करून सगळे रंग दाखव म्हणायचं, नाहीतर दुसऱ्याचा मेलेला आपल्या गळ्यात.

काना_मात्रा
दादा, बजेट ३ हजार, त्यात सांगली मुंबई जाऊन येऊन. आणि बाहेर उघडला तर वॉरंटीचं काय?

गिरगावातला_गिरमिट
वॉरंटी देतेय का काही? मग!

कायदेकाकू
धागा उशिरा बघितला. काना_मात्रा, सगळ्यात आधी फोनवर बोलणं बंद करा. फोनवरच्या नकाराला पुरावा नसतो. ईमेल लिहा, त्यात बिलाची प्रत, सीरियल नंबर, खरेदीची तारीख, ठिपका कधी दिसला ती तारीख, पाचही रंगांवरचे फोटो, आणि एक प्रश्न विचारा की कुठल्या लेखी पॉलिसीतल्या कुठल्या कलमाखाली तुम्ही नाही म्हणताय. केस नंबर घ्या. निम्म्या वेळा इथेच सूर बदलतो. फोटो काढताना शेजारी पट्टी किंवा टाचणी धरा म्हणजे ठिपक्याचा आकार कळतो, आणि कॅमेरा थोडा तिरका धरा नाहीतर स्क्रीनवरच्या लाटाच येतात फोटोत.

तरी दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. मराठीत बोलता येतं. ते कंपनीला दंड करत नाहीत, तक्रार कंपनीच्या वरच्या माणसापर्यंत पोचवतात, आणि बऱ्याचदा तेवढंच हवं असतं. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस कुठे का असेना. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. आणि त्या कायद्यात दोषाची व्याख्या बरीच ऐसपैस आहे, गुणवत्तेतली उणीव, अपूर्णता हेही त्यात येतं. कंपनीची पॉलिसी ही कंपनीची, आयोगावर बंधनकारक नाही. पण निकाल तुमच्याच बाजूने लागेल असं मी म्हणणार नाही, एका ठिपक्यावर आयोग काय म्हणेल सांगता येत नाही.

रोखठोक
काकू +१००. पण तारखा पडत पडत निकाल लागेपर्यंत लॅपटॉपच म्हातारा होणार.

भटका_नारळ
म्हणूनच म्हणतोय ओएलईडी घ्या.

आजोबा_ऑनलाइन
आमच्या वेळी काचेचा मोठा डबा मॉनिटर असे. चौदा वर्षं वापरला. पिक्सेल मेला हा शब्दही ऐकला नव्हता. आता सगळ्याच गोष्टी नाजूक, माणसंसुद्धा.

कोथरूडचा_कोकम
पॅनेल बदलून मिळालं म्हणजे सुटलात असं समजू नका. माझे तीन ठिपके होते, महिनाभर भांडून पॅनेल बदलून घेतलं. नवं आलं ते पिवळट, जुन्या लग्नाच्या अल्बमसारखं, आणि खालच्या कडेने उजेड झिरपतो. विचारलं तर म्हणाले बदललेला भाग नवाच असेल असं नाही, नव्यासारखा असेल. वर बिजागरी उघडताना बेझलची, म्हणजे स्क्रीनभोवतीच्या चौकटीची, एक खाच तुटली, ती आता टकटक वाजते. परत भांडायची ताकद राहिली नाही. आणि हो, लॅपटॉप तिकडे जमा करावा लागला तर आधी डेटाचा बॅकअप घ्या.

शेंगदाणा_चिक्की
बॅकअपला +१. आणि दाबू नका.

उंदीरमामा
मी सांगतो, बाहेरून मॉनिटर जोडा. दिवसभर वाचायचं काम १५ इंचावर करायचंच कशाला. डेल अल्ट्राशार्प घ्या, त्यांची प्रीमियम पॅनेल गॅरंटी आहे, एक जरी चमकणारा पिक्सेल निघाला तरी मॉनिटर बदलून देतात. मी २४ इंची घेतलाय, उभा फिरवून ए४ पान अख्खं दिसतं.

काना_मात्रा
उंदीरमामा, पान अख्खं दिसतं हे ऐकून जीव खालीवर झाला, पण ३ हजार हो ३ हजार. आणि माझा त्रास तर काळ्याचा आहे ना, ती गॅरंटी चमकणाऱ्याची म्हणताय.

उंदीरमामा
हप्त्यांवर घ्या की मग.

तात्या_टेक
ताई, पॉलिसी मिळाली का?

काना_मात्रा
मिळाली. काकूंनी सांगितलं तशी मेलही केली, पट्टी धरून फोटो काढले, पट्टीवरच्या एका मिलिमीटरात असे पाचेक ठिपके बसतील एवढाच आहे तो. तिसऱ्या दिवशी उत्तर. तक्त्याप्रमाणे माझ्या पॅनेलला चमकणारे दोन आणि काळे चार चालतात, माझा एक न् एक, म्हणून बसत नाही. पण 'ग्राहक समाधान म्हणून एक वेळची बाब' अशी सवलत द्यायला तयार आहेत. लॅपटॉप कोल्हापूरला नेऊन जमा करायचा, सात ते दहा दिवस.

कायदेकाकू
घ्या! हेच म्हणत होते मी. मेल जपून ठेवा आणि सोमवारी जाऊन द्या.

रोखठोक
बघा, बसत नाही म्हणत होते आणि बसलं. जाच.

कोथरूडचा_कोकम
न्या, पण घेताना तिथेच पाच रंग लावून बघा. माझ्यासारखं घरी येऊन नका बघू.

काना_मात्रा
सगळ्यांचे मनापासून आभार. तुम्ही रागावणार हे माहीत आहे पण मी देत नाहीये. दोन दिवाळी अंकांचे छपाईचे फॉर्म तपासायचे अंगावर आहेत, दहा दिवस लॅपटॉप नसणं म्हणजे कामच गेलं, आणि कोकमभाऊंचा पिवळट पडदा डोळ्यांपुढून हलेना. त्यातल्या त्यात एक युक्ती सापडली. संशयाची जागा आली की चाकाने पान जरासं वर सरकवायचं. ठिपका अक्षराबरोबर सरकला तर अनुस्वार, जागेवर राहिला तर पिक्सेल. काल १२० पानं अशी काढली, एकही चूक नाही. हिरवा तर काळ्यावरच दिसतो, मला काळं पान कोण देतंय. सवलतीची मुदत किती ते मेल करून विचारलंय, दिवाळीनंतर मिळाली तर बघू.

कायदेकाकू
अगं एवढं भांडून!! मुदत लेखी घे बाई निदान.

रोखठोक
म्हणजे कंपनी जिंकली.

भटका_नारळ
पुढच्या वेळी ओएलईडी.

नवा_गडी
नमस्कार, नवीन धागा कसा काढायचा कळलं नाही म्हणून इथेच विचारतो. मुलीला बारावीनंतर लॅपटॉप घ्यायचा आहे, बजेट ४० हजार, कुठला घ्यावा?

पेन्सिल_बहाद्दर
कुठलाही घ्या, फक्त एक पेन्सिल जवळ ठेवा.