गुंठा घेण्याआधी सातबारा बघा

"कर्ज नकोच, पुण्यात वाघोलीकडे दोन गुंठे घेऊन पैसे साठतील तसं घर बांधू," असं तुम्ही म्हणताय. व्याजाची भीती मला कळते. ४० लाख रुपये ८.५ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतले तर हप्ता ३४,७०० च्या आसपास बसतो आणि शेवटी ८३ लाख फेडावे लागतात.

पण दोन गुंठे म्हणजे २,१७८ चौरस फूट, आणि ते एनए (बिगरशेती) आहेत का? सातबारा सामाईक (अनेकांच्या नावावर) असेल, एनए नसेल, तर बांधकाम परवानगीही अडू शकते आणि उद्या गरज पडली तरी बँक दारात उभं करत नाही. स्वस्त मिळतंय त्याचं कारण बहुतेकदा हेच असतं.

आम्ही धायरीत तसंच टप्प्याटप्प्यानं बांधलं. प्लिंथपर्यंत (जोत्यापर्यंत) झालं आणि पैसे संपले. दोन पावसाळे उघड्या सळया गंजताना बघितल्या, वर घरभाडं चालूच. (बायको अजून ऐकवते!)

माझं मत विचाराल तर एनए प्लॉट साठवलेल्या पैशातून घ्या आणि बांधकामापुरतं छोटं कर्ज काढा. बँक काम होईल तसे टप्प्यानं पैसे देते, त्यामुळे व्याजही उचललेल्या रकमेवरच लागतं.