जुनी स्टेपर मिलिंग, एक्स ॲक्सिस झिरोवर परत येत नाही

मिलवाला
मंडळी जरा डोकं लावा. जुनी सीएनसी मिलिंग आहे, तिन्ही ॲक्सिसला स्टेपर (पल्स मिळेल तसं एकेक पाऊल फिरणारी मोटर), एनकोडर म्हणजे खरी जागा मोजणारा सेन्सर वगैरे काही नाही, पीसीवर मॅक ३ हे कंट्रोल सॉफ्टवेअर आणि पॅरलल पोर्ट. बॉलस्क्रू ५ मिमी पिचचे (फेरीला टेबल ५ मिमी सरकतं), मोटर फेरीला २०० स्टेपवाली, ड्राइव्ह (मोटर चालवणारं सर्किट) १० मायक्रोस्टेपला, एका स्टेपचे दहा भाग, म्हणजे मिमीला ४०० पल्स. वाय आणि झेड एकदम व्यवस्थित. एक्स मात्र जॉब संपल्यावर झिरोला पाठवला की डायल गेज कधी ०.०६ मिमी दाखवतो, कधी ०.१३५, कधी ०.२ च्याही वर, आणि दरवेळी प्लसकडेच सरकलेला. पॉकेटवाल्या (आत खळगा कोरायच्या) जॉबला जास्त होतं, लांब सरळ कट असतील तर जवळपास नाहीच. मोटर आणि स्क्रू जोडणाऱ्या कपलिंगचे ग्रब स्क्रू घट्ट आहेत, जिब (स्लाइडमधली फट भरणारी पट्टी) परत सेट केली, तेल नीट पोचतंय. मध्यंतरी एक्सचा ड्राइव्ह जळाला म्हणून दुसऱ्या बनावटीचा टाकलाय, करंट मोटरच्या प्लेटवर आहे तेवढाच ठेवलाय. आता बघायचं कुठे?

कटरमॅन
बॅकलॅश आहे (स्क्रूच्या जोडणीतला ढिलेपणा, म्हणजे प्ले), दुसरं काय. पॉकेटमध्ये दिशा सारखी बदलते म्हणून तिथे जास्त दिसतो. जुन्या मशीनला असतोच, डायल लावून मोजा आणि सॉफ्टवेअरमध्ये बॅकलॅश कॉम्पेन्सेशन (तेवढी भरपाई) टाका, विषय संपला.

डायलगेज
नाही हो कटरमॅन, बॅकलॅश साठत नाही. प्ले ०.०४ असेल तर दिशा बदलल्यावर ०.०४ च खाणार, हजार वेळा बदला तरी तेवढाच, आणि झिरोला नेहमी एकाच बाजूने आलं की तोही दिसत नाही. इथे आकडा जॉबगणिक वाढतोय, म्हणजे कंट्रोलरला वाटतंय तिथे टेबल नाहीये. कॉम्पेन्सेशन टाकून फक्त घोळ वाढेल.

मिलवाला, आधी एरर कसा वागतो ते बघा, मगच पाना हातात घ्या. अंतराच्या प्रमाणात चुकत असेल, म्हणजे १०० ला ०.१ आणि २०० ला ०.२, तर मिमीला पल्सचा आकडा चुकलाय किंवा स्क्रूची पिच. पण तसं असतं तर झिरोला परत आल्यावर सगळं जागेवर दिसलं असतं, म्हणून ते सोडा. लोड किंवा स्पीडमुळे मोटर खरंच सटकली असेल तर ती एकदोन मायक्रोस्टेप नाही सटकत, रोटर ४ फुल स्टेपच्या पटीतच मागे पडतो, तुमच्या मोटरला ४ स्टेप म्हणजे ७.२ अंश, ५ च्या पिचवर ०.१ मिमी. मग आकडे ०.१, ०.२, ०.३ असे यायला हवे होते. तुमचा ०.०६ आणि ०.१३५ त्यात बसत नाही. म्हणून मला मोटर कमी पडतेय असं वाटत नाही, कपलिंग सरकणं किंवा पल्समध्ये गडबड एवढंच उरतं. शाफ्ट आणि कपलिंगवर मिळून मार्करने एक आडवी रेघ मारा, सरकलं तर लगेच कळेल. मग तोच प्रोग्राम काही न कापता हवेत चालवा, एकदा स्पिंडल बंद ठेवून आणि एकदा चालू ठेवून. चालू असतानाच चुकत असेल तर स्पिंडलच्या व्हीएफडीचा (स्पीड कमीजास्त करणाऱ्या ड्राइव्हचा) नॉइज सिग्नलच्या वायरमध्ये घुसतोय. ॲक्सिलरेशन निम्मं करूनही एकदा बघा.

मिलवाला
सगळं केलं. रेघ जागेवर. हवेत, स्पिंडल बंद ठेवून, तरी तेवढंच सरकतं, चालू केल्यावरही तेवढंच. ॲक्सिलरेशन निम्मं आणि फीडही निम्मा करून पाहिला, डायलचा काटा त्याच आकड्यावर, तोच प्रोग्राम परत लावला की परत तेवढीच भर. डोकं फिरलंय आता.

खटपट्या
अहो ही तर चांगली बातमी आहे, दरवेळी तेवढाच चुकतो म्हणजे तो नॉइज नाही आणि लोडही नाही. नवीन ड्राइव्हवर माझा संशय आहे. ड्राइव्ह पल्सच्या एकाच एजला स्टेप घेतो, कुणी पल्स वर जाताना, कुणी खाली येताना, आणि डायरेक्शनचा सिग्नल त्याच्या काही मायक्रोसेकंद आधी स्थिर व्हावा लागतो. सेटिंग उलटी असेल तर दिशा बदलायची वेळ आणि स्टेप घ्यायची वेळ एकमेकांवर येते. त्यात ड्राइव्हच्या इनपुटचा ऑप्टोकपलर (सिग्नल प्रकाशातून पलीकडे देणारा भाग) चालू पटकन होतो पण बंद व्हायला वेळ लावतो, त्यामुळे प्लसकडून मायनसला जाताना चुकतं आणि उलट येताना चुकत नाही (किंवा याच्या उलट), म्हणून सगळा एरर एकाच बाजूला साठतो. एक मायक्रोस्टेप चुकीच्या दिशेला गेला की फरक पडतो दोन मायक्रोस्टेपचा, तुमच्याकडे ०.००५ मिमी. तुमचे आकडेही त्याच पटीतले आहेत बघा.

खात्री करायची तर एक छोटा प्रोग्राम लिहा, एक्स १ मिमी पुढे, १ मिमी मागे, असं १०० वेळा, अगदी सावकाश फीडला. डायल ०.५ च्या आसपास दाखवायला लागला तर चोर सापडला. मग मॅक ३ च्या पोर्ट्स अँड पिन्समध्ये मोटर आउटपुटला जाऊन फक्त एक्सच्या स्टेप लो ॲक्टिव्हची टिक बदला, असेल तर काढा, नसेल तर टाका. तरी थोडं राहिलं तर मोटर ट्युनिंगमध्ये स्टेप पल्स आणि डायरेक्शन पल्सची वेळ वाढवा. वाय झेडला हात लावू नका.

मिलवाला
खटपट्या दादा, डायल बरोब्बर अर्ध्या मिमीवर!! एक्सची टिक बदलली, तोच प्रोग्राम परत, काटा झिरोवर. पॉकेटचा जॉबही चालवला, परत आला जागेवर. मोटर बदलायच्या तयारीत होतो मी.
आता फक्त दिशा बदलताना ०.०३ चा प्ले दिसतो, तो मात्र साठत नाही. हा तरी बॅकलॅशच ना?

कटरमॅन
हा माझा 😄 टाका आता कॉम्पेन्सेशन.

डायलगेज
हो, हा बॅकलॅशच, पण कॉम्पेन्सेशनच्या आधी तो कुठून येतो ते बघा. मोटर चालू ठेवून म्हणजे स्क्रू लॉक असताना, स्क्रूच्या टोकाला सेंटरच्या खड्ड्यात ग्रीस लावून एक छोटी स्टीलची गोळी बसवा आणि डायलची टीप त्या गोळीवर टेकवा. मग टेबल हाताने पुढेमागे ढकला. काटा हलला तर स्क्रूच अक्षावर सरकतोय, स्क्रूला अक्षावर धरून ठेवणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगचा लॉकनट ढिला झाला असणार, तो घट्ट केला की बराचसा प्ले जाईल. काटा हलला नाही आणि टेबल तरी हलतंय, तर बॉलनट झिजलाय किंवा त्याचे माउंटिंगचे बोल्ट बघा. क्लाइंब कट (कटर जॉबला फीडच्याच दिशेने ओढतो तो) घेत असाल तर कॉम्पेन्सेशनवर फार विसंबू नका, कटर टेबलाला खेचतो तेव्हा तो प्ले सॉफ्टवेअरला कळत नाही.