लुआ या स्क्रिप्टिंग भाषेत गेल्यावर सी भाषेतली व्हॅल्यू तीच राहते का? टेस्ट कशी लिहायची?

सुरसागर
बडोद्यातल्या एका वजनकाट्याच्या सी प्रोग्रॅममध्ये लुआ 5.4 बसवलंय. स्क्रिप्टला तीन गोष्टी देतो: 64 बिटांचा पावती क्रमांक, गावाचं नाव, गाडीचं रेकॉर्ड. क्रमांक 1001 चालतो, पण 9007199254740993 दिला तर शेवटी 3 ऐवजी 2 येतो. शिवाय एकच रेकॉर्ड दोनदा पाठवलं तर == खोटं म्हणतं. टेस्टमध्ये नक्की काय तपासू?

मांडवी
क्रमांक पुशनंबरने (सीमधून लुआला आकडा देणारं फंक्शन) जातोय, म्हणजे डबल, अर्थात दशांश आकडा होऊन. डबलमध्ये पूर्णांक 2 च्या 53व्या घातापर्यंतच सलग मावतात. पूर्णांक तसाच देणारं पुशइंटिजर वापरा. टेस्टमध्ये मॅथ.टाइप (आकड्याचा प्रकार सांगणारं लुआचं फंक्शन) तपासा, "इंटिजर" आलंच पाहिजे. लुआत 1001 आणि 1001.0 बरोबरच ठरतात, त्यामुळे नुसत्या == ने लहान आकड्यांवर ही चूक कधीच सापडायची नाही. 0, -1, वरचा क्रमांक आणि 64 बिटांची दोन्ही टोकं ठेवा.

नावासाठी "बडोदा" झकास आहे: लांबी मोजणाऱ्या # ने 15 बाइट, यूटीएफ8.लेनने 5 युनिकोड चिन्हं. मध्येच शून्य बाइट असलेली स्ट्रिंगही घ्या. पुशस्ट्रिंग ती तिथेच तोडतं, लांबीही घेणारं पुशएलस्ट्रिंग नाही.

रावपुरा
रेकॉर्डचं कारण वेगळं. दर वेळी नवा यूजरडेटा (सीचा डेटा धरणारा लुआतला ऑब्जेक्ट) बनतो, आतला पॉइंटर एक असला तरी. मेटाटेबलमध्ये (ऑब्जेक्टने कसं वागायचं ते ठरवणारं टेबल) ईक्यू, म्हणजे == साठीचं फंक्शन, लिहून == सुटेल, पण टेबलची की म्हणून वापरलं की पुन्हा फसाल, तिथे ईक्यूला कुणी विचारतच नाही. रजिस्ट्रीत (सीच्या कोडसाठी राखलेलं लुआचं टेबल) वीक व्हॅल्यूंचं, म्हणजे व्हॅल्यूंना मेमरीत अडवून न ठेवणारं, टेबल ठेवा: पॉइंटरवरून यूजरडेटा. आधी तिथे शोधा, नसेल तरच नवा बनवा.

आणि हे विसरू नका: सीने रेकॉर्ड फ्री केलं की ती नोंद काढा, यूजरडेटातला पॉइंटर नल करा. नाहीतर त्याच पत्त्यावर आलेल्या नव्या गाडीला जुन्या गाडीचा यूजरडेटा मिळेल. टेस्ट अशी: फ्री करा, मग स्क्रिप्टमधून फील्ड वाचा. पीकॉलमध्ये (एरर पकडणारा कॉल) स्वच्छ एरर यायला हवी, क्रॅश नव्हे.

सुरसागर
वीक टेबलमधून नोंद गेली की नाही हे कसं पाहू? गार्बेज कलेक्ट (नको असलेली मेमरी साफ) करूनही तिथेच दिसते.

रावपुरा
बहुधा सीच्या बाजूने लुआच्या स्टॅकवर (सी आणि लुआमधल्या देवाणघेवाणीची जागा) तो यूजरडेटा अजून पडून आहे. प्रत्येक टेस्टच्या आधी आणि नंतर गेटटॉप, म्हणजे स्टॅकवर किती गोष्टी आहेत तो आकडा, सारखाच येतो का ते बघा. स्क्रिप्टमधले ग्लोबलही नल नव्हे, निल करा. मेटाटेबलमध्ये जीसी (फायनलायझर, म्हणजे ऑब्जेक्ट साफ होताना चालणारं फंक्शन) लावलं असेल तर पहिल्या कलेक्टमध्ये तो चालतो, मेमरी मात्र दुसऱ्यात सुटते. म्हणून मेमरी मोजायची तर कलेक्ट दोनदा.