साडेसात वर्षांच्या मुलीला आत्ताच तार लावायची का?

पौडरोडकर:
मुलगी साडेसात वर्षांची. वरचे समोरचे दोन पक्के दात आलेत, मधे साधारण दोन मिलिमीटर फट आहे आणि दात थोडे बाहेर फाकलेत. कोथरूडमधल्या एका दवाखान्यात सांगितलं की फट बंद करायला आत्ता तार लावू, मग बाराव्या वर्षी परत. दुसरीकडे म्हणाले, सगळे दुधाचे पडू देत, मग या. तोंड मिटताना तिचा जबडा किंचित उजवीकडे सरकतो असं आम्हाला वाटतं, पण त्यावर कोणीच काही बोललं नाही. काय करावं?

तारवाला:
फट विसरा, जबड्याचं बघा.

या वयात फट असणं नेहमीचंच. वरचे पक्के सुळे अजून हाडात असतात, त्यांचा दाब शेजारच्या दातांच्या मुळांवर येतो आणि दात पंख्यासारखे फाकतात. अकराव्या-बाराव्या वर्षी सुळे खाली उतरले की दोन मिलिमीटरपर्यंतची फट बहुधा आपली आपण मिटते. आत्ता तारेने ते दात ओढले, तर मुळं सुळ्यांच्या वाटेत जाऊन झिजू शकतात. फट त्याहून मोठी असेल तर एक्स-रे काढून मधे जादा दात अडकलाय का ते बघायचं, बस.

जबडा सरकणं मात्र थांबवून ठेवायची गोष्ट नाही. आरशासमोर तिला तोंड मोठं उघडायला लावा आणि अगदी सावकाश मिटायला सांगा. उघडं असताना वरच्या-खालच्या दातांच्या मधल्या रेषा जुळतात आणि मिटल्यावर खालची उजवीकडे जाते, असं दिसलं तर वरचा जबडा अरुंद असण्याची शक्यता जास्त. दाढा टोकावर टोक येतात, तसं चावता येत नाही, म्हणून मूल जबडा एका बाजूला सरकवून घेतं. मग उजवीकडच्या वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसलेल्या दिसतात. वर्षानुवर्षं असंच चाललं तर जबडा वाकडाच वाढू शकतो. कधी कधी दुधाच्या सुळ्याचं टोक तेवढं अडतं. ते घासलं की काम भागतं. तसं नसेल तर टाळू रुंदावणारं उपकरण लागतं. टाळूच्या मधली सांध मोठेपणी घट्ट होत जाते. वयात आल्यावर हेच काम हाडात स्क्रू घालून किंवा शस्त्रक्रियेने करावं लागू शकतं.

पौडरोडकर:
उपकरण घरी फिरवावं लागतं म्हणे?

तारवाला:
स्क्रूचं असेल तर हो. चावीला दोरा बांधून तो मनगटात अडकवा, नाहीतर चावी घशात जायची. चावी भोकात घालून पुढून मागे, घशाच्या दिशेने ढकलायची, त्यानंतरचं भोक पूर्ण दिसेपर्यंत. इथेच घोटाळा होतो: अर्धवट फिरवलं की भोक आड राहतं आणि पुढच्या वेळी चावी बसतच नाही. एका फिरवण्यात साधारण पाव मिलिमीटर. रोज की एक दिवसाआड, ते डॉक्टरच ठरवणार. रुंदावताना समोरच्या दातांत नवीनच फट पडली तर घाबरू नका, सांध उघडल्याची ती खूण. पुढे ती बरीचशी आपोआप मिटते. फिरवणं संपलं तरी उपकरण काही महिने तसंच ठेवायचं, मधे हाड भरायला हवं. लवकर काढलं की परत आकसतं. चिक्की, बाकरवडी तोवर बंद.

दुधाचेदात:
वरच्याशी सहमत. सात वर्षांच्या आसपास एकदा तपासणी प्रत्येकाची व्हावी, उपचार मोजक्यांनाच लागतात. खालचा जबडा पुढे आलेला असेल तर वाट बघू नये. वरचा जबडा पुढे ओढणारा, चेहऱ्यावर लावायचा मास्क वयाच्या दहाच्या आत, रोज बारा-चौदा तास लावला तरच उपयोगाचा. अंगठा चोखणं पक्के पुढचे दात यायच्या आत सुटलेलं बरं. दुधाची दाढ कीड लागून लवकर काढली असेल तर जागा राखायची कडी बसवून घ्या, नाहीतर सहाव्या वर्षी येणारी पक्की दाढ पुढे कलंडते आणि खालून येणाऱ्या दाताची जागा खाते.

सिंहगडरोडकर:
माझ्या भाच्याचे वरचे दात सात मिमी पुढे आहेत. वय नऊ.

तारवाला:
खालचा जबडा मागे असेल तर ट्विन ब्लॉक (खालचा जबडा पुढे धरून ठेवणारं उपकरण) वाढीच्या उसळीत बसवणं जास्त फायद्याचं, मुलग्यांत साधारण बारा ते चौदा. नवव्या वर्षी सुरू करून शेवटचा निकाल फारसा बदलत नाही, उपचार मात्र लांबतो. अपवाद एकच: पुढे आलेले दात पडून-आपटून तुटायचा धोका. पोरगं धडपडं असेल, ओठ मिटत नसतील, तर लवकर करण्यात अर्थ आहे. निदान खेळताना माउथगार्ड तरी.

दुधाचेदात:
खर्चाचा प्रश्न असेल तर धनकवडीचं भारती विद्यापीठ, कॅम्पातलं रंगूनवाला, पिंपरीचं डी. वाय. पाटील, या डेंटल कॉलेजांत चौकशी करा. पदव्युत्तर विद्यार्थी तीन वर्षांनी बदलतात, मधेच हात बदलला तर पुढे कोण बघणार ते आधीच विचारा.

आणि पौडरोडकर, दहाव्या वर्षी वरच्या सुळ्याचा उंचवटा हिरडीच्या बाहेरच्या बाजूला बोटाला लागतोय का, ते तपासून घ्या. एका बाजूला लागतो आणि दुसऱ्या बाजूला नाही, असं असेल तर एक्स-रे काढायला सांगा. सुळा टाळूकडे वळला असेल तर तिथला दुधाचा सुळा वेळेत काढल्यावर तो बऱ्याचदा स्वतःहून रांगेत येतो.